घरगुती मर्दनयंत्राची निवड : रुग्णास काय सांगावे?

दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले की आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो. तपासणी झालेली असते, औषधाच्या पुड्या हाती पडलेल्या असतात आणि रुग्णासोबत आलेला मुलगा किंवा सून उठता उठता विचारते, "डॉक्टर, आईसाठी मालिशचे मशीन घ्यायचे म्हणतोय. कोणते चांगले?" प्रश्न साधा वाटतो. आपणही उठता उठताच उत्तर देतो, "घ्या की, काही हरकत नाही."

असे उत्तर आम्हीही अनेक वर्षे देत आलो. ते उत्तर देणे आम्ही का सोडले आणि आता त्याऐवजी काय सांगतो, हे वैद्यबंधूंपुढे ठेवावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक अनुभव

आमच्याकडे नियमित येणारे एक सेवानिवृत्त शिक्षक. वय पासष्टीच्या पुढे, मधुमेह बारा वर्षांचा. तळपायांचा दाह, मुंग्या आणि अधूनमधून बधिरपणा अशी तक्रार. परगावी नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने दूरध्वनीवरून विचारले, "बाबांसाठी पायांचे मशीन पाठवतो, चालेल ना?" आम्ही 'चालेल' म्हटले. कोणते यंत्र, त्यात उष्णता आहे काय, ते किती वेळ वापरणार, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे गुरुजींच्या तळपायांची संवेदना त्या वर्षात आम्ही एकदाही तपासलेली नव्हती.

यंत्रात फिरत्या गोळ्या होत्या आणि तळाशी तापणारी पट्टी होती. गुरुजी रोज रात्री बातम्या लागल्यापासून मालिका संपेपर्यंत पाय त्यात ठेवून बसत. पाचव्या की सहाव्या आठवड्यात त्यांच्या पत्नीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. डाव्या टाचेच्या कडेला फोड येऊन तो फुटला होता. गुरुजींना त्याचा पत्ताच नव्हता. पुढे शल्यचिकित्सकाच्या साहाय्याने व्रण भरून येण्यास तीन महिने लागले. पाय वाचला. गुरुजींनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. इतकेच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही हो म्हणालात म्हणून मी निर्धास्त होतो."

हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. रुग्ण आपल्या 'हो'वर निर्धास्त होतो. म्हणून ते 'हो' औषधपत्राइतक्याच जबाबदारीने उच्चारले पाहिजे. यंत्र कोणते चांगले, या प्रश्नाला एकटे उत्तरच नाही. ते कोणासाठी, कोणत्या अवयवासाठी आणि व्याधीच्या कोणत्या अवस्थेत, हे ठरल्यावरच यंत्राचा विचार सुरू होतो.

यंत्राची जात नवी नाही

मर्दनयंत्र ही अलीकडची टूम आहे अशी समजूत दिसते. वस्तुतः स्टॉकहोम येथे गुस्ताव्ह झांडर या स्वीडिश वैद्यकाने 1860च्या दशकातच यंत्रांच्या साहाय्याने व्यायाम व मर्दन देणारी संस्था उभारली होती. लंडन येथील जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी 1880च्या दशकात स्नायूंच्या व नाड्यांच्या विकारांसाठी विजेवर चालणारे कंपनयंत्र वापरात आणले. अमेरिकेत मिशिगन राज्यातील जॉन हार्वे केलॉग यांच्या आरोग्यधामात कंपन देणाऱ्या खुर्च्या होत्या. ही यंत्रे वैद्यकाच्या देखरेखीखाली वापरण्यासाठी होती. आज तशीच यंत्रे वैद्यकाशिवाय घराच्या दिवाणखान्यात आली आहेत. नवे काही असेल तर ते एवढेच, आणि आपली जबाबदारीही येथेच उत्पन्न होते.

अभ्यंग आणि मर्दन : मूळ भेद

रुग्णाच्या मनात 'मालिश' हा एकच शब्द असतो. आपल्या शास्त्रात मात्र अभ्यंग, मर्दन, संवाहन, उद्वर्तन आणि पादाघात हे निरनिराळे उपक्रम आहेत व प्रत्येकाचे प्रयोजन निराळे आहे.

अभ्यंगात स्नेह प्रधान आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्नेहाने दृढ होणाऱ्या घटाचा, चामड्याचा व गाड्याच्या आसाचा दृष्टान्त दिला आहे. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य असते व त्वचा हे त्याचे अधिष्ठान, म्हणून अभ्यंग त्वचेस परम हितकर, अशी त्यामागची उपपत्तीही तेथेच दिली आहे. संवाहन म्हणजे हलक्या, सुखकर हाताने अंग चेपणे. सुश्रुताचार्यांनी त्याची फले निद्रा, प्रीती व श्रमनाश अशी सांगितली आहेत. उद्वर्तन हे रूक्ष, कफ व मेदावर कार्य करणारे. पादाघात हा बलवंतांसाठी आहे. वाग्भटाचार्यांनी हेमंत ऋतुचर्येत त्याचा उल्लेख करताना तो युक्तीने करावा असेही बजावले आहे.

या दृष्टीने पाहता बाजारातील यंत्र काय करते? ते दाबते, ठोकते, कंप देते किंवा शेकते. म्हणजे त्याच्याकडून मर्दनाचा आणि क्वचित स्वेदनाचा अंश मिळतो, स्नेहनाचा अंश मिळत नाही. मर्दन करणाऱ्याच्या हाताला गाठ लागते, सूज जाणवते, रुग्णाचे अंग आखडले की हात आपोआप हलका होतो. यंत्राला यांतले काहीच कळत नाही. म्हणून यंत्र हे अभ्यंगास पर्याय आहे असे रुग्णास कधीही सांगू नये. ते मर्यादित प्रयोजनाचे साधन आहे आणि त्या मर्यादेत उपयुक्तही आहे. घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धास पाठीला हात पोहोचत नाही, दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या तरुणाचे खांदे आखडतात, उभ्याने काम करणाऱ्या परिचारिकेच्या पोटऱ्या दुखतात. अशांना त्यापासून आराम मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

यंत्रांचे प्रकार व त्यांचे कार्य

यंत्रांची नावे अनेक असली तरी कार्याच्या दृष्टीने त्यांचे पाच-सहाच वर्ग पडतात.

कंपनयंत्र : आतील मोटारीवर एका बाजूस जड वजन बसवलेले असते. ते फिरले की यंत्र थरथरते. याचा परिणाम बहुधा उत्तान, म्हणजे त्वचा व वरच्या मांसापर्यंत असतो. सौम्य असल्याने वातप्रधान, कृश व वृद्ध व्यक्तींस पहिले यंत्र द्यायचे तर या वर्गातले द्यावे.

आघातयंत्र, म्हणजेच 'मसाज गन' : यात मोटारीची गती दांड्याच्या पुढेमागे होणाऱ्या हालचालीत बदलते आणि पुढचे डोके मांसावर ठोके देते. मिनिटाला साधारण 1200 ते 3200 ठोके व सुमारे 6 ते 16 मिलिमीटर खोलीची हालचाल आढळते. अंतर जितके अधिक तितका आघात खोल. हे यंत्र खेळाडू, तालमीत जाणारे तरुण, मांसल व बलवान शरीराचे लोक यांच्यासाठी आहे. आजीच्या पाठीसाठी ते नव्हे.

गोळ्यांचे चेपणयंत्र : उशीच्या किंवा गळपट्ट्याच्या आकाराच्या या यंत्रात फिरत्या गोळ्या असतात व बहुधा लाल दिव्याची ऊब असते. खांदे व कंबर यांस बरे वाटते. मात्र मोकळे केस, ओढणी, गळ्यातील साखळी यांत अडकण्याचा धोका असतो. गोळ्यांवरील कापडी आवरण फाटलेले असेल तर यंत्र वापरूच नये.

पाय व पोटरीचे यंत्र : यात गोळ्यांसोबत हवेच्या पिशव्या फुगून पाय आवळतात. शोथ, शिराविकार व मधुमेह या तिन्ही रुग्णांत विचारपूर्वक द्यावयाचे हे यंत्र आहे. दुर्दैवाने सर्वाधिक भेट दिले जाते ते हेच.

विद्युत्स्पंदन यंत्र : त्वचेवर पट्ट्या चिकटवून किंवा चटईवर पाय ठेवून विजेची सूक्ष्म स्पंदने देणारे हे साधन मर्दन नव्हेच. हृदयात पेसमेकर असलेले, अपस्माराचे रुग्ण व गर्भिणी यांना ते स्वतःच्या मनाने वापरू देऊ नये.

कांस्यथाळीचे यंत्र : तळपायास तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने घासणे ही आपल्या घराघरांतील जुनी रीत. तिचेच विजेवर फिरणाऱ्या थाळीत रूपांतर झाले आहे व महाराष्ट्रात त्याचा प्रसार बराच झाला आहे. पादाभ्यंगाचे गुण ग्रंथोक्त आहेत. पायांचे खरत्व, स्तब्धता, श्रम व सुप्ती यांवर तो हितकर, निद्रा व दृष्टी यांस पोषक सांगितला आहे. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो तळपाय काळे पडण्याच्या अर्थाविषयी. 'काळे आले म्हणजे शरीरातील विष बाहेर आले' असे विक्रेते सांगतात आणि जितके काळे अधिक तितका रोग अधिक असेही सांगतात. कासे हा तांबे व कथिल यांचा मिश्र धातू आहे. घर्षणाने त्याचे सूक्ष्म कण सुटतात, स्नेहातील व घामातील आम्लांशी त्यांचा संयोग होतो आणि काळा लेप तयार होतो. शंका असेल त्यांनी वाटीला तूप लावून ती स्वच्छ फडक्यावर जोराने घासून पाहावी. फडकेही काळे होते, आणि फडक्याला तर काही पित्त किंवा आम नसतो. आपली रीत चांगली आहे. तिच्या समर्थनासाठी खोटे कारण देण्याची गरज नाही.

कोणास वर्ज्य

ग्रंथांतील निषेध यंत्रासही लागू करावेत. वाग्भटाचार्यांनी कफग्रस्त, शोधन घेतलेले व अजीर्णी यांना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी साम दोष व तरुण ज्वर यांतही तो निषिद्ध मानला आहे. येथे आमवाताचे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. सांधे सुजलेले, उष्ण, सकाळी दीर्घकाळ ताठरणारे, अंगात जडत्व व अग्निमांद्य अशा सामावस्थेत घरचे लोक प्रेमाने तेल चोळतात आणि वरून यंत्र लावतात. दुसऱ्या दिवशी सांधे अधिक सुजतात. लंघन, दीपन-पाचन व वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद येथे इष्ट आहे, मर्दन नव्हे. याउलट निराम संधिगत वातात सांध्याच्या वरच्या व खालच्या मांसल भागी सौम्य मर्दन सुखकर ठरते. लक्षण दोन्हीकडे 'गुडघेदुखी' एकच, अवस्था निराळी, म्हणून सल्लाही निराळा.

आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने पुढील रुग्णांत आम्ही यंत्र देत नाही किंवा संबंधित तज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय देत नाही : रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे, अस्थिसौषिर्य असलेले, नुकताच अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, त्वचेवर व्रण किंवा संसर्ग असलेले, ज्वर असलेले, आणि ज्यांच्या पायांत ठळक व वेदनायुक्त शिराग्रंथी आहेत असे. गर्भिणीच्या उदरावर व कंबरेवर यंत्र लावू नये.

एका पोटरीला अचानक आलेली सूज, ऊब व वेदना यांकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. दीर्घ प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर, प्रसूतीनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यानंतर असे झाले तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा पोटरीवर मर्दन केल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते व प्राणावर बेतू शकते. सुश्रुताचार्यांनी पोटरीच्या मध्यावर इंद्रबस्ति हे कालांतरप्राणहर मर्म सांगितले आहे, याचे येथे स्मरण होते. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. यंत्राचा प्रश्न नंतरचा.

कंबरदुखीतही काही लक्षणे थांबण्याची सूचना देतात. गृध्रसीच्या रुग्णास पाऊल उचलता येईनासे झाले, मलमूत्रावरील ताबा सुटला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर कंबरेवर कोणतेही यंत्र न लावता तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे.

कोणत्या जागी वर्ज्य

शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात वर्णिलेली 107 मर्मे आपण पदवीच्या काळात पाठ केली. मर्दनयंत्राच्या निमित्ताने ती पुन्हा उघडून पाहण्यासारखी आहेत. मानेच्या दोन्ही बाजूंस नीला, मन्या व मातृका ही मर्मे येतात. त्यांपैकी आठ मातृका सद्यःप्राणहर आहेत. मस्तक व मान यांच्या सांध्यावर कृकाटिका आणि कानांच्या मागे खालच्या बाजूस विधुर मर्म आहे. आधुनिक शारीराप्रमाणे याच प्रदेशातून मेंदूस रक्त पुरवणाऱ्या धमन्या जातात. आघातयंत्र मानेवर वापरल्यानंतर मानेतील धमनीच्या आतील थराला चीर गेल्याचे रुग्णवृत्त वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका रुग्णवृत्तात आघातयंत्राच्या वापरानंतर मांसधातूचा नाश होऊन त्याचे द्रव्य रक्तात उतरल्याची नोंद आहे. अशा घटना विरळ आहेत. परंतु टाळता येण्याजोगी हानी विरळ असली तरी ती टाळलीच पाहिजे.

म्हणून सर्वांना समान असा नियम आम्ही सांगतो : मानेचा पुढचा व बाजूचा भाग, कानामागचा भाग, पाठीच्या कण्याची रेघ, काख, जांघ, गुडघ्यामागची खोबण, उदर आणि सांध्याची हाडे यांवर यंत्र ठेवू नये. ते ठेवायचे ते मांसल भागी, म्हणजे खांद्याचा वरचा मांसल भाग, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसपट्ट्या, नितंब व मांड्या येथे.

मात्रा व काल

'जास्त वेळ म्हणजे जास्त गुण' ही समजूत फार घट्ट आहे. डल्हणाचार्यांनी अभ्यंगाचा काल मोजताना 300 मात्रांपासून प्रारंभ करून क्रमाने 900 मात्रांपर्यंत स्नेह केशमूळांपासून मज्जेपर्यंत पोहोचतो असे म्हटले आहे. मात्रा म्हणजे लघू अक्षर उच्चारण्याइतका काळ धरला तर हा सारा हिशेब काही मिनिटांचाच होतो. अत्यंत खोल धातूसाठीही आचार्यांना तासन्‌तास चोळणे अभिप्रेत नव्हते.

आमचा व्यवहारातील दंडक असा आहे. आघातयंत्र एका मांसगटावर एक ते दोन मिनिटे व एकूण दहा मिनिटे. चेपणयंत्र व पायांचे यंत्र दहा मिनिटे, फार झाले तर पंधरा. पहिला आठवडा सर्वांत कमी गती. जेवल्यानंतर लगेच नाही, ज्वरात नाही, लागोपाठ दोनदा नाही. दुसऱ्या दिवशी अंग ठणकले, नीळ पडली, मुंग्या आल्या, चक्कर आली तर यंत्र बंद करून भेटावे. वेदना सोसून घेतली की गुण येतो, हा भ्रम आवर्जून दूर करावा. यंत्र लावलेले असताना रुग्णास बोलता आले पाहिजे व श्वास सुखाने चालला पाहिजे, ही सोपी कसोटी आम्ही सांगतो.

प्रकृतीनुसार थोडा भेद करावा. वातप्रकृतीस आधी हाताने कोमट तिळतेलाचा अभ्यंग, मग मंद गतीचे सौम्य यंत्र. पित्तप्रकृतीस ऊब देणारी सोय बंद ठेवावी व ग्रीष्म-शरदात काल निम्मा करावा. कफप्रकृतीस रूक्ष, किंचित जोरकस मर्दन मानवते. मात्र मेद कमी करण्यासाठी यंत्र घेऊ इच्छिणाऱ्यास स्पष्ट सांगावे की पोटाला थरथरणारा पट्टा बांधून मेद झडत नाही. त्याचा मार्ग आहार, व्यायाम व योग्य चिकित्सा यांतूनच जातो.

खरेदी करताना

रुग्ण निवडीस पात्र आहे असे ठरल्यावर यंत्राकडे वळावे. आम्ही पुढील गोष्टी पाहण्यास सांगतो.

एक, ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय. वृद्धांसाठी ही नसेल तर यंत्र घेऊच नये, कारण मर्दन चालू असता झोप लागणे स्वाभाविक आहे.

दोन, ऊब देणारे बटण वेगळे असावे, म्हणजे यंत्र ऊबेशिवायही चालवता आले पाहिजे.

तीन, गतीचे किमान तीन टप्पे असावेत आणि सर्वांत खालचा टप्पा खरोखर सौम्य असावा. दुकानात आपल्या हातावर नव्हे, ज्यांना वापरायचे त्यांच्या अंगावर तो लावून पाहावा.

चार, वजन व पकड. पाऊण-एक किलोचे यंत्र संधिवाताच्या बोटांनी खांद्यावर धरता येत नाही. अशांना धरावे न लागणारे उशीसारखे यंत्र बरे.

पाच, विजेचा दाब. परदेशी असलेली मुले प्रेमाने यंत्र पाठवतात. अमेरिकेतील यंत्र 120 व्होल्टचे असेल तर ते आपल्या 230 व्होल्टच्या विजेवर थेट लावू नये. वायर सोललेली नसावी, न्हाणीघरात किंवा ओल्या अंगाने यंत्र वापरू नये, बॅटरीच्या यंत्रास त्याचाच चार्जर वापरावा व रात्रभर लावून ठेवू नये.

सहा, तेल. यंत्राच्या फटींत तेल गेल्यास ते बिघडते व डोक्याचा रबर फुगतो. अभ्यंग हाताने करावा, तेल जिरू द्यावे किंवा पुसावे आणि मग सुती कापडावरून यंत्र लावावे.

सात, पावती, हमीपत्र व गावात किंवा जवळच्या शहरात दुरुस्तीची सोय.

आठ, जाहिरात. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, स्थौल्य बरे करण्याचा दावा करणारे यंत्र त्या दाव्यामुळेच नाकारावे. औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954चा कायदा अशाच दाव्यांना प्रतिबंध करतो. आपल्या चिकित्सालयाच्या भिंतीवर अशा यंत्राचे फलक लागू देऊ नयेत, हेही ओघाने आले.

अनेकदा हे सारे पाहून झाल्यावर आम्ही यंत्र नकोच असे सांगतो. काशाची वाटी, तिळाचे तेल आणि घरातल्या कोणाची तरी दहा मिनिटे एवढ्यावर काम भागते. मुलांनी यंत्राऐवजी रविवारी स्वतः आईच्या पायांना तेल लावावे, असे सांगितले की मुले क्षणभर गप्प होतात. आईचा चेहरा मात्र उजळतो.

समारोप

आता आमच्या चिकित्सालयात यंत्राचा प्रश्न निघाला की आम्ही रुग्णास पुन्हा बसवतो. मधुमेही असल्यास पादत्राणे काढून तळपाय, टाचा व बोटांच्या बेचक्या पाहतो, कापसाने व 128 हर्ट्‌झच्या नादकाट्याने संवेदना तपासतो, पायांवरील नाड्या चाचपतो. संवेदना मंद असेल तर ऊबेचे व गोळ्यांचे यंत्र स्पष्ट शब्दांत वर्ज्य करतो. अनुमती द्यायची असेल तर औषधपत्रावर औषधांच्या खाली यंत्राचा प्रकार, जागा, गती, मिनिटे व थांबण्याची लक्षणे लिहून देतो. यास जेमतेम सात-आठ मिनिटे लागतात.

गुरुजी अजूनही येतात. यंत्र त्यांनी माळ्यावर टाकले आहे. त्यांच्या पत्नी रोज रात्री तळपाय नीट न्याहाळून, हलक्या हाताने तेल लावतात व बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात. दर भेटीत गुरुजी न सांगता पादत्राणे काढून पाय पुढे करतात, आणि आम्ही ते पाहिल्याशिवाय औषध लिहीत नाही.

वैद्यबंधूंनीही यंत्राविषयीचा आपला सल्ला असाच औषधपत्रावर लिहून द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.